नोकरी सुटली, शस्त्रक्रिया ठरलेली : विमा कसा टिकवाल?

हर्नियाची शस्त्रक्रिया ठरली आणि नोकरी सुटतेय, तर आधी विम्याचं पाहा. कंपनीचा गटविमा बहुधा नोकरीच्या शेवटच्या दिवशीच संपतो. म्हणून नोटीस मिळताच, विमा चालू असतानाच, त्याच विमा कंपनीकडे वैयक्तिक पॉलिसीसाठी लेखी अर्ज करा. असं स्थलांतर केलं, की गटविम्यात पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ, म्हणजे ठराविक आजारांचा दावा मिळण्याआधी थांबण्याचा काळ, आधीच्या विमा रकमेपुरता धरला जातो. अगदी नवी पॉलिसी घेतली, तर हर्नियासाठी बहुधा २४ महिने थांबावं लागतं. अर्जात आजार लपवू नका. नाहीतर दावा नाकारला जाऊ शकतो. हप्ता परवडत नसेल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपली शस्त्रक्रिया बसते का, हे योजनेच्या अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे तिथल्या मदतनिसाला, विचारा. खर्चाच्या धास्तीनं उपचार मात्र टाळू नका.