गाडी थरथरते, सायलेन्सर वाजतो

(महिला गटांच्या कार्यकर्त्यांच्या अकोला येथील शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्याकडे एखादी बाई तक्रार घेऊन आली की आपण विचारतो, केव्हा झाले, कुठे झाले, त्याआधी काय झाले? गाडीच्या तक्रारीलाही हेच प्रश्न लागतात. पण गॅरेजात आपण गप्प बसतो, कारण मिस्त्री ड्रायव्हरशी बोलतो आणि बिल मात्र आपल्या हातात देतो.

आमच्या संस्थेची जुनी पेट्रोल व्हॅन अमरावती-अकोला अशी सतत धावते. गेल्या हिवाळ्यात तिचा आवाज वाढला आणि पहिल्या गिअरमध्ये ती थरथरू लागली. एका गॅरेजात ऐकले, "ताई, क्लच प्लेट गेली, सायलेन्सरही बदलावा लागते." दुसऱ्याने रस्त्याला दोष दिला. आता लोणी ते माना हा पट्टा म्हणजे २०२२ च्या जूनमध्ये १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रमात गेलेला. त्या रस्त्याला तरी सोडा!

खर्चापेक्षा मोठी काळजी वेगळी होती. काचा बंद असल्या की आत बसलेल्या बायांचे डोके दुखे, मळमळे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आमच्या व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखालीच आहे. म्हणून दुरुस्ती होईपर्यंत आम्ही व्हॅन उभी केली, एसटीने गेलो.

मग आवाज नीट ऐकला. सकाळी थंड इंजिन चालू केल्यावर टकटक येते आणि गरम झाल्यावर कमी होते, तर इंजिनजवळच्या मॅनिफोल्डचे पॅकिंग बघायचे. धातू तापून फुगला की फट थोडी बुजते. मागून भडभड येत असेल तर सायलेन्सरला भोक. नुसता पत्रा वाजल्यासारखा खडखडाट असेल तर बहुधा उष्णतारोधक पत्रा सैल, तो क्लिपने आवळता येतो. जिथून धूर गळतो तिथे काळी काजळी धरते. हे सगळे इंजिन थंड असताना बघावे, तापलेला पाइप कातडे सोलतो.

थरथरीचे तसेच. फक्त हाफ क्लचवर थरथरते आणि पेडल पूर्ण सोडल्यावर थांबते, तर क्लचचा संशय खरा. प्लेटवर तेल आले असेल किंवा ती झिजली असेल. पेडल सोडल्यावरही धक्के येत असतील आणि सायलेन्सरचा ताल चुकत असेल तर इंजिन मिसिंग मारते आहे, प्लगपासून सुरुवात करा. पण तिसरी शक्यता विसरली जाते: इंजिन ज्या रबरांवर बसते ती माउंटिंग. हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, एकीने पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायचा, दुसरीने सीट उचलून बाजूने बघायचे. गाडीसमोर कोणी उभे राहायचे नाही.

आमचे इंजिन एका बाजूला उडी मारत होते. एक रबर फाटले होते. त्या उड्यांनी पाइप ओढला जाऊन जोडाचे पॅकिंग सुटले होते. म्हणजे आवाज, थरथर आणि डोकेदुखी, तिन्हींचे मूळ एकच. रबर आणि पॅकिंग बदलले. क्लच प्लेट अजून तीच आहे. प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, मजुरी त्याचीच असते.

गॅरेजात जाताना लक्षणे कागदावर लिहून न्या आणि काढलेला जुना भाग परत मागा. मिस्त्री हसला तर हसू द्या.

आता बाहेर चला. व्हॅन सकाळपासून उभी आहे, इंजिन थंड आहे. दोघीदोघींनी पुढे या.