सैन्य, धर्म आणि एका अभ्यासकाचीं पन्नास वर्षें
(शतकमहोत्सवी वर्षांत धर्मग्रामाच्या तरुणांपुढें व त्यांच्या पालकांपुढें दिलेलें व्याख्यान)



आपलें देऊळ कोणीं बांधिलें, घंटा कोणत्या सालीं आली, पहिल्या फादरांनीं घोड्यावरून किती गांवें पालथीं घातलीं, हें सर्व आमच्या आधींच्या वक्त्यांनीं सांगितलें आहे. आम्ही आज आपणांपुढें एका अमेरिकन प्राध्यापकाची हकीकत ठेवणार आहों. आपल्या धर्मग्रामाशीं त्यांचा कांहींएक संबंध नव्हता. तरी आपल्यांतील निदान एका घराला त्यांच्या अभ्यासाची गरज आहे अशी आमची खात्री आहे. त्या घरांतील माउली येथेंच बसली आहे. तिनें आम्हांस क्षमा करावी.

या स्मरणिकेसाठीं बाप्तिस्म्याचीं जुनीं दफ्तरें चाळीत असतां एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. १९४२ पासून पुढच्या कांहीं वर्षांत बापाच्या धंद्याच्या रकान्यांत 'शिपाई' हा शब्द पुन्हां पुन्हां येतो. त्यापूर्वींच्या पानांवर तो जवळजवळ नाहीं. असें कां व्हावें, हा विचार मनांत घोळत असतांच आपल्यांतील एक तरुण आम्हांकडे आला. त्याला सैन्यांत भरती व्हावयाचें आहे. मागोमाग त्याची आई आली. तिच्या हातांत वर्तमानपत्राचें कात्रण होतें. "फादर, हें वाचा आणि मग त्याला सांगा," एवढेंच ती म्हणाली.

तें कात्रण पुष्कळांनीं वाचलें असेल. रणगाडा दलांतील एका ख्रिस्ती अधिकाऱ्यास २०२१ सालीं सेवेंतून काढण्यांत आलें. त्याच्या हाताखालील शिपाई शीख होते. पलटणीच्या साप्ताहिक धार्मिक संचलनास तो आपल्या माणसांबरोबर जात असे, परंतु पूजेच्या वेळीं गाभाऱ्यांत जाण्यास त्यानें सद्सद्विवेकाच्या कारणानें नकार दिला. दिल्लीच्या उच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें व सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याच्या विरुद्ध निकाल दिला. "माझ्या लेकराला देव सोडावा लागेल काय?" असा त्या माउलीचा प्रश्न होता.

आतां येथें आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. सुमारें वीस वर्षांपूर्वीं असाच एक मुलगा आम्हांकडे आला असतां, तेथें तुला मिस्सा मिळणार नाहीं, असें सांगून आम्हीं त्यास परत पाठविलें. आम्हांस सैन्याची कांहींच माहिती नव्हती. होती ती केवळ भीति. तो आज साखर कारखान्यांत कामास आहे व सुखी आहे. पण भेटला म्हणजे तो हंसून म्हणतो, "फादर, तुम्ही मला चौकशी न करतांच उत्तर दिलेंत." हें बोलणें आम्हांस लागलेलें आहे. म्हणून या वेळीं उत्तर देण्यापूर्वीं आम्हीं वाचावयास घेतलें, आणि वाचतां वाचतां स्टीफन कोहेन यांच्यापर्यंत पोहोंचलों.

कोहेन यांचा जन्म १९३६ सालचा, शिकागो शहरांतला. तेथेंच शिक्षण घेऊन पुढें १९६७ मध्यें त्यांनीं विस्कॉन्सिन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९६५ पासून १९९८ पर्यंत ते इलिनॉय विद्यापीठांत राज्यशास्त्र शिकवीत होते. मधलीं दोन वर्षें त्यांनीं अमेरिकन परराष्ट्र खात्यांतही काढिलीं. नंतर वॉशिंग्टनच्या ब्रुकिंग्ज संस्थेंत त्यांचें संशोधन चाललें, व २०१९ मध्यें ते निवर्तले. तरुणपणीं ते हिंदुस्थानांत आले ते आपल्या सैन्याचा अभ्यास करावयास. हिंदुस्थानाजवळ तोफा किती व विमानें किती, हें मोजणारे त्या काळीं पुष्कळ होते. कोहेन यांचा प्रश्न वेगळा होता: बंदूक कोणाच्या हातीं दिली जाते? तो कोणत्या जातीचा, कोणत्या धर्माचा, आणि हें ठरवितो कोण? 'दि इंडियन आर्मी' हा त्यांचा ग्रंथ १९७१ सालीं प्रसिद्ध झाला, तो याच प्रश्नांतून.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनीं सैन्याची फेरमांडणी केली. अमुक जाति लढवय्या, अमुक नव्हे, असें एक शास्त्रच त्यांनीं रचिलें व त्यावर पुस्तिका लिहिल्या. शिखांची तुकडी निराळी, पंजाबी मुसलमानांची निराळी, डोगऱ्यांची निराळी. एक बिघडली तर दुसरी तिला आवरील, हा त्यांतील हिशेब. यामुळें शिपायाचा धर्म हीच त्याच्या तुकडीची ओळख झाली, व गुरुद्वारा किंवा मंदिर हें त्या तुकडीचें काळीज होऊन बसलें. राज्य इंग्रजांचें गेलें, पण पुष्कळ पलटणींत ती रचना राहिली. ज्याच्या हाताखालीं सारे एकाच धर्माचे शिपाई, त्या अधिकाऱ्यानें त्यांच्या देवापुढें उभें राहावें ही अपेक्षा तेथून येते.

त्या कात्रणांतील प्रकरण आम्हांस प्रथम निव्वळ धर्मश्रद्धेचें वाटलें होतें. आतां वाटतें कीं, त्याचें अर्धें मूळ सव्वाशेंहून अधिक वर्षांपूर्वींच्या भरतीच्या वह्यांत आहे.

कोहेन यांचा एक लेख तर थेट आपल्या घरचा आहे. 'दि अन्टचेबल सोल्जर' या नांवानें तो १९६९ मध्यें 'जर्नल ऑफ एशियन स्टडीज' या नियतकालिकांत आला. आपल्यांपैकीं अनेकांचीं घराणीं ज्या महार समाजांतून ख्रिस्ताकडे आलीं, त्याच्या शिपायांची ती कथा आहे. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेंत हे लोक मोठ्या संख्येनें होते. १८१८ सालीं कोरेगांवीं ते लढले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार होते. परंतु १८९० नंतरच्या थोड्याच वर्षांत, लढवय्या नव्हे म्हणून, या समाजाची भरती बंद झाली. पहिलें महायुद्ध पेटलें तेव्हां १९१७ मध्यें १११ वी महार पलटण उभी राहिली. गरज सरतांच १९२१ मध्यें ती मोडली. दुसरें महायुद्ध आलें तेव्हां डॉ. आंबेडकरांनीं आग्रह धरिला, आणि ऑक्टोबर १९४१ मध्यें बेळगांवीं महार रेजिमेंट स्थापन झाली. १९४२ पासूनच्या आमच्या दफ्तरांतील 'शिपाई' या शब्दाचा उलगडा आम्हांस येथें झाला असें वाटतें. आपल्या आजोबांना नोकरी मिळाली ती कोणी त्यांचें शौर्य ओळखलें म्हणून नव्हे, तर माणसें कमी पडलीं म्हणून. हें कडू आहे. पण मिळालेली संधि त्यांनीं वायां दवडली नाहीं.

१९४७ सालीं देशाबरोबर सैन्यही धर्मावर विभागलें. तरी ब्रिगेडियर महंमद उस्मान यांनीं भारतच पत्करिला व ३ जुलै १९४८ रोजीं काश्मीरांत झांगड येथें देह ठेविला. पलीकडे काय झालें, त्यावर कोहेन यांनीं १९८४ सालीं पाकिस्तानी सैन्याविषयीं स्वतंत्र ग्रंथ लिहिला. जनरल झिया यांच्या अमलांत तेथील सैन्याचें ब्रीदच धर्माचें झालें. इकडे १९७१ च्या युद्धांत सरसेनापति पारशी, पूर्वेचे सेनापति शीख आणि त्यांचे मुख्य सहायक यहुदी होते. १९९० मध्यें सरसेनापति झालेले सुनीथ फ्रान्सिस रॉड्रिग्स तर आपलेच कॅथोलिक बंधु.

कोहेन यांचें सर्वच आम्हांस पटलें असें नाहीं. ते सैन्याकडे बाहेरून पाहात. रात्रीच्या पहाऱ्यावर शिपाई प्रार्थना कां करितो, हें त्यांच्या लिखाणांत आम्हांस फारसें दिसलें नाहीं. आपल्या सैन्यांत पंडित, ग्रंथी व मौलवी यांच्याबरोबर पाद्रीही नेमिले जातात, पुष्कळ ठिकाणीं एकाच छपराखालीं सर्वधर्मस्थळ असतें. वीस वर्षांपूर्वीं आम्हांस हें ठाऊक असतें तर!

त्या माउलीस आम्हीं काय सांगितलें, तें आतां सांगतों. दुसऱ्याच्या प्रार्थनास्थळीं आदरानें उभें राहणें म्हणजे आपला प्रभु सोडणें नव्हे. इतर धर्मांतील सत्याचा आदर करावा, ही १९६५ पासून महासभेची स्पष्ट शिकवण आहे. परंतु उभें राहणें निराळें आणि पूजाविधि करणें निराळें. ती रेषा ज्याला ओलांडवत नाहीं त्यास आम्ही हट्टी म्हणणार नाहीं, आणि न्यायालयाचा निकाल आम्हांस सर्वस्वीं पटला असेंही म्हणणार नाहीं. त्याच वेळीं, ज्या शिपायांनी आपल्या शब्दावर मरावयाचें, त्यांना आपला अधिकारी आपल्यासोबत हवा असतो, हेंही आम्हांस आतां कळतें. शिवाय २०२२ च्या अग्निपथ योजनेबरोबर पुढील भरती सर्व जातिधर्मांना एकत्र धरून होईल असें जाहीर झालें आहे. कोहेन तें पाहावयास राहिले नाहींत.

माउलीनें सर्व ऐकून घेतलें. मग तिनें विचारलें, "पण पाद्री असेल ना, फादर?" प्रत्येक ठिकाणीं असेलच असें आम्हीं सांगितलें नाहीं, जेथें नसेल तेथें रविवारची वाचनें आम्ही दर आठवड्यास त्यास पाठवूं, असें वचन दिलें. मुलगा नगरच्या रस्त्यावर रोज पहांटे धांवावयास जातो. भरतीचा निकाल अद्याप लागलेला नाहीं.