'नाळ' : एका शब्दाचे तीन संसार



जोहे-हमरापूरच्या मूर्तिकारास 'आखणी' म्हटले की गणपतीचे डोळे आठवतात. बांधकाम खात्याच्या अभियंत्यास त्याच शब्दाने रस्त्याची रेषा दिसते. दोघेही बरोबर. घोटाळा होतो तो एकाचा शब्द दुसऱ्याच्या कागदावर गेल्यावर. 'नाळ' हा शब्द या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

मूळ संस्कृत 'नाल' म्हणजे कमळाचा पोकळ देठ. नाडी, नाळ, नळी ही सारी त्याच कुळातली. सुश्रुताने शल्यकर्माची 101 यंत्रे सांगितली, त्यांत 20 नाडीयंत्रे आहेत. शरीराच्या मार्गात शिरलेले शल्य काढणे, आतील रोग पाहणे, दूषित द्रव ओढून घेणे ही त्यांची कामे. आजच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतील नळीही तत्त्वतः हेच करते. पुढे तोफा-बंदुका आल्या आणि पोकळ लोखंडालाही तेच नाव मिळाले. गजनाळ हत्तीच्या पाठीवरून डागली जाई, शुतरनाळ उंटाच्या. (घोड्याच्या टापेचा नाल मात्र अरबीतून आलेला, तो या घरचा नव्हे.)

तिसरा अर्थ सर्वांच्या परिचयाचा. गर्भाच्या नाळेत दोन रोहिण्या व एक नीला असते. लांबी सुमारे 50 सेंटीमीटर. ही नाळ घरच्या विळ्याने कापून तीवर राख किंवा शेण लावल्याने किती नवजात बालके धनुर्वाताने दगावली, हे जुन्या सुइणींना ठाऊक होते. लसीकरण, रुग्णालयातील प्रसूती आणि स्वच्छ पाते यांमुळे माता व नवजातांचा धनुर्वात भारतातून हटल्याचे 2015 साली मान्य झाले.

परंतु सूचना लिहिणाऱ्याची जबाबदारी संपलेली नाही. 1960 साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषाकोशांचे मोठे कार्य केले. पाठ्यपुस्तकात 'नाभिरज्जू' आणि 'अपरा' शोभतात. ग्रामपंचायतीच्या फलकावर 'नाभिरज्जू निर्जंतुक शस्त्राने छेदावी' असे लिहिल्यास वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तलवार येईल! 'अपरा' तर कोणासच कळणार नाही. तेथे 'वार' लिहावे. मात्र एकटे नव्हे, कारण वार आठवड्याचा असतो आणि तलवारीचाही. 'नाळ आणि वार' असे जोडीने लिहिले की शंका उरत नाही.

जन्मानंतर निदान एक मिनिट थांबून मग नाळ बांधावी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. घरी आल्यावरची सूचना तर एका ओळीत मावते : बाळाच्या नाळेवर काही लावू नका, ती कोरडी ठेवा.