कंदुरीच्या चुलीवरचा धूर

मराठवाड्यात नवस फेडण्याच्या ज्या रीती पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत, त्यांत कंदुरी ही सर्वांत खर्चाची, सर्वांत कष्टाची आणि माझ्या मते सर्वांत सलोख्याची रीत होय. गोदावरीच्या उत्तर तीरावर अंबड तालुक्यातले शहागड, पैलतीरावर बीड जिल्ह्यातला गेवराई तालुका, आणि मधून धुळे-सोलापूरचा हमरस्ता, असा हा मुलूख. आणि या साऱ्या मुलखात पिराला बोललेला नवस फेडणारे घर हिंदूचे की मुसलमानाचे, याची चौकशी जेवायला येणारा माणूस करीत नाही. बोकड मुलाण्याच्या हातून हलाल व्हावा, दर्ग्यात नैवेद्य आणि मलिदा जावा, आणि मग सोयरे, भाऊबंद, शेजारी यांची पंगत बसावी, असा दस्तूर आहे. या दस्तुराच्या धार्मिक अंगाविषयी जाणत्यांनी पुष्कळ सांगितले आहे. मला आज बोलावयाचे आहे ते त्या स्वयंपाकाविषयी, कारण शेकडो माणसांपुरते मांस एकाच वेळी, एकाच चवीचे, कोणालाही अपाय न होऊ देता शिजविणे ही विद्या आहे, आणि ती जाणणारा बावर्ची आपल्या पंगतीत बहुधा सर्वांत शेवटी जेवतो.

प्रथम हिशेब पाहू. आपल्या भागातली उस्मानाबादी शेळी, बहुधा काळ्या रंगाची, दुष्काळातही काटक राहणारी. तिच्या वीस किलो वजनाच्या बोकडाचे निव्वळ मटण नऊ-दहा किलोच भरते. माणशी पाव किलो धरले तर दोनशे पानांना पन्नास किलो, म्हणजे पाच बोकड लागतात, आणि एवढी ऐपत प्रत्येक नवसकऱ्याची नसते. येथे आपल्या बायकांची शहाणीव कामास येते. बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ आणि मसाले भाजून दळलेले येसर रश्शाला दाटपणा देते, चव देते, आणि तीन बोकडांत पाच बोकडांची पंगत निभावून नेते. यात कोणाची फसवणूक नाही. बाजरीच्या भाकरीवर ओतलेला तो तर्रीदार रस्सा हेच पुष्कळांच्या लेखी कंदुरीचे मुख्य अन्न असते.

आता चूल. मोकळ्या रानात गुडघाभर खोल लांबट चर खणतात, वारा ज्या अंगाने येतो तिकडचे तोंड मोकळे ठेवतात, आणि चरावर दगड रचून देगा चढवतात. सरपण बाभळीचे, आणि तेही निदान एक उन्हाळा खाल्लेले. ओले लाकूड धुमसते, त्याचा धूर काळा, काजळीचा आणि कडू असतो. वाळलेल्या बाभळीचा धूर पातळ निळसर असतो, आणि तिचा निखारा फार वेळ टिकतो. कुशल बावर्ची ज्वाळेवर शिजवीत नाही. तो ज्वाळेवर फक्त कांदा आणि मसाला परततो, मटणाला एक कढ येऊ देतो, आणि मग जळती लाकडे ओढून घेऊन केवळ निखाऱ्यांवर देग सोपवितो. झाकणाच्या कडा कणकेने लिंपून वरही निखारे पसरले की दम बसला. बोकडाच्या मांड्यांतले चिवट स्नायुबंध मोठ्या आचेने मऊ होत नाहीत. त्यांतले कोलॅजन मंद उष्णतेत तासन्‌तास राहिले म्हणजेच विरघळून जिलेटिन होते, आणि रश्शाला तो ओठांना किंचित चिकटणारा गुण येतो. गॅसच्या मोठ्या शेगडीवर घाईने उकळलेले मटण वरून शिजलेले आणि आतून दोरीसारखे राहते, हे ज्याने चाखले त्याला पटवून द्यावे लागत नाही.

धुराचे म्हणाल, तर जगात त्याचे पहिले काम रुचीचे नव्हतेच, टिकविण्याचे होते. लाकडातले लिग्निन तापून फुटले की जी फिनॉलवर्गीय द्रव्ये धुरात उतरतात, ती सुगंध देतात आणि जंतूंनाही आवर घालतात. गोव्यात पावसाळ्याच्या बेगमीसाठी केलेल्या चोरिसांच्या माळा चुलीच्या धुरात टांगतात; नागालँडमध्ये मांस चुलीवरच्या माचावर दिवसच्या दिवस धुरी घेते. आपल्याकडे हे काम धुराऐवजी उन्हाने केले. मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळविलेल्या चान्या या मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांनी अत्यंत टंचाईच्या काळात जपलेले अन्न. शाहू पाटोळे यांच्या २०१५ सालच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या ग्रंथात या अन्नव्यवहाराची नोंद आहे. मेलेल्या गुरांचे मांस वाट्याला यावे ही गावगाड्याने लादलेली अवहेलना होती, आणि १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ते सोडण्याचे आवाहन केले, ते सर्वथा योग्यच होते. तथापि ज्या हातांनी उन्हाच्या बळावर मांस टिकवून लेकरे जगविली, त्या हातांच्या ज्ञानाला पाककलेच्या इतिहासात मानाचे पान मिळाले पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

धूर मुद्दाम मुरवायचा झाल्यास आपल्याकडे धुंगार आहे. देग उतरल्यावर वाटीत फुललेला निखारा ठेवून त्यावर तूप आणि दोन लवंगा सोडाव्या, आणि झाकण चार-पाच मिनिटे घट्ट दाबून धरावे. त्याहून अधिक वेळ ठेवल्यास मसाल्याचा सुवास मरतो आणि कडवटपणा उरतो.

शेवटी एक काळजीची गोष्ट. मोठ्या देगेतला रस्सा फार सावकाश निवतो, आणि काही जंतूंची बीजे उकळीतूनही वाचतात. कोमट रश्शात ती रातोरात वाढतात. शिजलेले मटण साठ अंशांखाली उतरू देऊ नये आणि उरलेले पसरट भांड्यांत थोडे थोडे काढून त्वरित थंड करावे, असे आरोग्यशास्त्र सांगते. कित्येक ठिकाणी कंदुरीचे अन्न घरी न नेण्याची वहिवाट आहे, ती या दृष्टीनेही हितकारक ठरते. तेव्हा यंदा ज्यांच्या घरी नवस फेडावयाचा असेल, त्यांनी बावर्चीला आदल्या दिवशीच बोलवावे, सरपण त्याच्या पसंतीचे आणावे, पंगत देग उघडल्याबरोबर बसवावी, आणि त्याची मजुरी पहिली पंगत उठण्यापूर्वी त्याच्या हातावर ठेवावी.