घर, अंगण आणि आग
(अग्निशमन सेवा सप्ताहात सत्तरी तालुक्यातील ग्रामस्थ व शिक्षक यांच्या सभेत केलेले भाषण)



१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाचा स्फोट झाला. आग विझवताना जे जवान कामी आले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह पाळला जातो. त्या जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र भरली होती. धुमसू लागला तो कापूस. जळणारी वस्तू पेटवणाऱ्या वस्तूशेजारी ठेवू नये, हा धडा आपल्या स्वयंपाकघरालाही लागू आहे.

माझ्या बालपणी आमच्या देवघरातील समईची पेटती वात उंदराने पळविली आणि वर टांगलेल्या गवताच्या पेंढ्या पेटल्या. तेव्हापासून आजी निजण्यापूर्वी समई शांत करीत असे. त्यात देवाचा अवमान झाला असे तिला कधी वाटले नाही!

आता घरोघरी गॅस आला आहे. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने वर न जाता जमिनीलगत साचतो. म्हणून केवळ वरची खिडकी उघडून भागत नाही, दारही उघडावे लागते. वास येताच प्रथम रेग्युलेटर बंद करावा. दिव्याचे वा पंख्याचे बटण लावू नये आणि चालू असल्यास बंदही करू नये, कारण दोन्ही वेळा ठिणगी पडू शकते. गळती पाहण्यासाठी साबणाचा फेस लावावा. काडी ओढून पाहणारे महाभाग अद्याप आढळतात. तेलाची कढई पेटली तर पाणी ओतू नये. आच बंद करून वर झाकण सरकवावे.

अंगणाबाहेरचा प्रश्न अधिक बिकट आहे. बोंडू वेचणे सोपे जावे म्हणून काजूखालचा पाचोळा पेटवण्याची सवय जुनी आहे. परंतु भरदुपारी वारा सुटला की ती आग बांध ओलांडते. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्य परिसरात वणवे पेटले, तेव्हा हेलिकॉप्टरने पाणी ओतावे लागले होते. पाचोळा पेटवण्याऐवजी गोळा करून झाडाच्या आळ्यात घालावा; त्याने ओल टिकते आणि खतही होते. घराभोवतीचे गवत मात्र फाल्गुनापूर्वीच कापावे, आणि जळाऊ लाकडांची रास भिंतीला टेकून रचू नये.

आग आटोक्याबाहेर जाते असे दिसताच १०१ किंवा ११२ क्रमांकावर कळवावे. घराचा क्रमांक बंबवाल्यांस उपयोगी पडत नाही. वाड्याचे नाव आणि जवळचे देऊळ सांगावे, व एका माणसाने हमरस्त्यावर जाऊन उभे राहावे.