आधी नातेवाईकांना बाहेर पाठवा

आजपासून रीतसर डॉक्टर झालेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

ओपीडीत एक बाई येईल. मनगट सुजलेलं, डोळ्याखाली काळंनिळं. ‘बाथरूममध्ये पाय घसरला,’ हे सांगेल सोबतची सासू किंवा नवरा. बाहेर रांग लांबलेली असेल, तुमचा हात प्लास्टरकडे जाईल. त्याआधी नातेवाईकांना बाहेर पाठवा. ‘इथे तपासणी एकट्यानेच होते,’ एवढं सांगितलं की पुरतं. मग तिला सरळ विचारा, घरी कुणी मारतं का?

पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई दवाखान्यात येते, कारण दवाखान्यात जायला घरचे हरकत घेत नाहीत. हे ओळखूनच सुमारे 25 वर्षांपूर्वी मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ संस्थेनं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात अशा बायकांसाठी ‘दिलासा’ समुपदेशन केंद्र उभं केलं. पण दवाखान्यात बोललेलं घरी पोचलं, तर त्या रात्री मार तिलाच पडणार, आणि पुन्हा ती येणार नाही.

ते पोचतं कसं? बहुतेक वेळा कुणाच्या दुष्टाव्यानं नव्हे. केसपेपरवर मोबाइल नंबर नवऱ्याचा असतो, समुपदेशनाच्या तारखेचा एसएमएस त्यालाच जातो. फाइल खाटेच्या पायथ्याशी उघडी पडलेली असते. एक्स-रेचा फोटो डॉक्टरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरतो, कोपऱ्यात तिचं नाव तसंच. म्हणून तिलाच विचारा, कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन केलेला चालेल?

सर्वोच्च न्यायालयानं 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीची ओळख फोडणाऱ्या डॉक्टरला गर्भपात कायद्याच्या 2021च्या दुरुस्तीनुसार एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण गुप्ततेला मर्यादाही आहे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवावंच लागतं. मुलगी बोलू लागण्याआधीच तिला हे सांगा. विश्वासानं बोलल्यावर कळलं, तर तिला दगा झाल्यासारखंच वाटेल. आणि लक्षात ठेवा, अशा मुलीच्या गर्भपातापुरतं, तिनं आणि पालकांनी विनंती केल्यास, तिचं नाव पोलिसांना न देण्याची मुभा न्यायालयानं सप्टेंबर 2022मध्ये डॉक्टरांना दिली आहे.

गुप्तता राखायची म्हणजे कोरा कागद ठेवायचा, असा मात्र गैरसमज नको. ‘पडून मार’ लिहून मोकळं होणं ही तिच्याशी प्रतारणाच. कुणी, कशानं, केव्हा मारलं ते तिच्याच शब्दांत नोंदवा, जखमेचं मापही लिहा. पुढेमागे कोर्टात तोच कागद तिच्या बाजूनं उभा राहील. त्याची प्रत तिचा हक्कच आहे, पण घरी ती लपवायला जागा आहे का, हे विचारून मगच हातात द्या.

ज्या रुग्णालयात रुजू व्हाल, तिथे पहिल्याच आठवड्यात पाहून घ्या: ओपीडीजवळ दार लागणारी खोली आहे का, आणि संगणकातला नंबर बदलायचा अधिकार कुणाकडे आहे? खोली नसेल तर अधीक्षकांकडे मागा. लेखी मागा.