परीक्षा निवृत्त होते, विद्या नव्हे

(रोहणा, ता. आर्वी, जि. वर्धा येथील तरुणांसमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या अरुंद रुळांच्या आगगाडीचे रोहणा टाउन हे स्थानक जुन्या पिढीच्या चांगल्या परिचयाचे आहे. ती गाडी बंद पडली, म्हणून रोहण्याच्या माणसाचे आर्वीला जाणे थांबले नाही, त्याने एस.टी.ची वाट धरली. संगणक क्षेत्रातील व्यावसायिक प्रमाणपत्रांचेही असेच आहे. परीक्षा येतात आणि जातात. ज्या कामासाठी त्या घेतल्या जातात, ते काम राहते. तथापि, बंद झालेल्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसणाऱ्याचा दिवस मात्र फुकट जातो. येथे तर कापूस आणि सोयाबीन विकून घरच्यांनी उभी केलेली रक्कमही पणास लागलेली असते.

महाराष्ट्राला हा अनुभव नवा नाही. टंकलेखन परीक्षेच्या बळावर कित्येक पिढ्यांनी कचेरीत प्रवेश मिळविला. टंकलेखन यंत्रावरील शासकीय परीक्षा २०१७ मध्ये अखेरची झाली आणि तिची जागा महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टंकलेखन परीक्षेने घेतली. मिनिटास मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांची गती ही लिपिकपदाची परिचित अट. तिला लागणारा बोटांचा सराव वाया गेला नाही. बदलले ते यंत्र. २००१ पासून घेतली जाणारी एम.एस.सी.आय.टी. परीक्षा संगणक साक्षरतेची आहे. ती एकदा उत्तीर्ण झाल्यावर पुन्हा द्यावी लागत नाही. परंतु त्यापुढे जाऊन जाळे, सर्व्हर किंवा क्लाउडच्या कामात ज्यांना पोट भरावयाचे आहे, त्यांची गोष्ट निराळी आहे.

त्यांनी प्रथम दोन गोष्टींतील भेद ध्यानात घ्यावयास हवा. परीक्षा निवृत्त होणे म्हणजे त्या क्रमांकाची परीक्षा यापुढे देता न येणे. प्रमाणपत्राची मुदत संपणे म्हणजे मिळविलेल्या पात्रतेचे नूतनीकरण न केल्यामुळे ती चालू न राहणे. परीक्षा निवृत्त झाली तरी हातातले प्रमाणपत्र त्याच दिवशी निरुपयोगी होत नाही. उलट परीक्षा चालू असूनही दुर्लक्षामुळे प्रमाणपत्र मात्र कालबाह्य होऊ शकते.

कॉम्पटिया संस्थेच्या ए प्लस परीक्षेचे उदाहरण बोलके आहे. १ जानेवारी २०११ पूर्वी मिळविलेले तिचे प्रमाणपत्र आजन्म टिकत असे. त्यानंतरच्यांना तीन वर्षांची मुदत आहे. या परीक्षेचे दोन भाग असून दोन्ही एकाच मालिकेतील असावे लागतात. २२०-११०१ व २२०-११०२ ही मालिका २५ सप्टेंबर २०२५ रोजी निवृत्त झाली. ज्याने पहिला भाग उत्तीर्ण केला आणि दुसरा त्या तारखेपर्यंत दिला नाही, त्याला नव्या मालिकेचे दोन्ही भाग द्यावे लागतात. पहिल्या भागाचे शुल्क गेले ते गेलेच.

सिस्को कंपनीने २४ फेब्रुवारी २०२० रोजी आपल्या परीक्षांची रचना बदलून सी.सी.एन.ए.च्या अनेक शाखांऐवजी एकच परीक्षा ठेवली. या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षे असून पुन्हा परीक्षा देऊन अथवा मान्य अभ्यासक्रमांतून ३० गुणांक मिळवून त्याचे नूतनीकरण करता येते. मायक्रोसॉफ्टच्या एम.सी.एस.ए. व एम.सी.एस.ई. परीक्षा जून २०२० मध्ये निवृत्त व्हावयाच्या होत्या. करोनाच्या साथीमुळे ती तारीख ३१ जानेवारी २०२१ पर्यंत लांबली. त्यांच्या जागी कामाच्या स्वरूपानुसार आखलेली प्रमाणपत्रे आली. त्यांपैकी वर्षाची मुदत असलेल्यांचे नूतनीकरण विनाशुल्क असून घरबसल्या चाचणी देऊन होते. मुदतीपूर्वीच्या सहा महिन्यांत ती द्यावयाची असते. ती वेळ टळली की मूळ परीक्षा शुल्क भरून पुन्हा द्यावी लागते. फुकट मिळणारी वस्तू केवळ विसरल्यामुळे विकत घेण्याची ही पाळी होय.

हे बदल कोणाच्या लहरीखातर होत नाहीत. विंडोज ७ चे साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. ज्या प्रणालीला सुरक्षेची डागडुजी मिळत नाही, तिच्यावरील प्रावीण्याची खात्री नोकरी देणाऱ्याला पुरेशी वाटत नाही. बियाण्याचे वाण बदलले की लागवडीचे अंतर व फवारणीचे वेळापत्रक पुन्हा समजून घ्यावे लागते. तथापि जमिनीची पारख नव्याने शिकावी लागत नाही. संगणकातही जाळ्याची मूलतत्त्वे, कार्यप्रणालीची रचना आणि दोष शोधण्याची शिस्त ही ती जमीन होय.

सबब, काही साधी पथ्ये पाळणे हितावह ठरते. शुल्क भरण्यापूर्वी परीक्षेचा पूर्ण क्रमांक आणि तिची निवृत्तीची तारीख परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडूनच पडताळून घ्यावी. शिकवणी वर्गाच्या सांगण्यावर विसंबू नये. परीक्षेची निवृत्ती, प्रमाणपत्राची मुदत आणि नूतनीकरणाचा आरंभ या तीन तारखा वहीत टिपून ठेवाव्यात. निवृत्तीस थोडेच महिने उरले असतील आणि तयारी अर्धवट असेल, तर नव्या परीक्षेचाच अभ्यास आरंभावा. वरच्या पायरीची परीक्षा दिल्याने खालच्या प्रमाणपत्राचेही नूतनीकरण होते काय, हे पाहावे; कॉम्पटियामध्ये सिक्युरिटी प्लस उत्तीर्ण होणाऱ्याच्या ए प्लसचे तसे होते. फुटलेल्या प्रश्नांचे संच विकणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. ते वापरल्याचे आढळल्यास प्रमाणपत्र रद्द होते.

दरवर्षी पेरणीपूर्वी मशागत करण्याचे शेतकऱ्याला कोणी सांगावे लागत नाही. रोहण्याच्या तरुणांनी आपल्या विद्येचीही तशीच वेळच्या वेळी मशागत केली, तर एखादी परीक्षा बंद झाल्याची वार्ता ऐकून त्यांना हवालदिल व्हावे लागणार नाही.